व्यसनमुक्ती समुपदेशक व्हायचे आहे? पुण्यातल्या प्रौढ विद्यार्थ्यासाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेले व्यसनांविषयीचे देशव्यापी सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातील सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात आणि त्यांपैकी पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांचे पिणे मदत लागावी इतके हाताबाहेर गेलेले आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या साधारण ३८ जणांमागे एकालाच कसले ना कसले उपचार मिळाल्याचे त्यात आढळले. या क्षेत्रात माणसे कमी आहेत, हे त्यावरून उघड आहे. परंतु क्षेत्राला माणसे हवी असणे ही एक गोष्ट, आणि चाळिशी-पंचेचाळिशीत बँकेची किंवा कंपनीची नोकरी सांभाळत, मुलांच्या दहावी-बारावीच्या धामधुमीत आपण पुन्हा वर्गात जाऊन बसणे ही अगदी दुसरी गोष्ट आहे.

प्रौढ विद्यार्थी सहसा उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी अभ्यासक्रम शोधतात, शुल्क भरतात, प्रमाणपत्र मिळवतात आणि मग काम कुठे मिळेल याची चौकशी सुरू करतात. या लेखात सुचवलेला क्रम याच्या उलट आहे: आधी काम पाहावे, मग आपल्याला नेमके कोणते पद हवे ते ठरवावे आणि शेवटी त्या पदाकडे नेणारा, भरपूर क्षेत्रकार्य (संस्थेत जाऊन केलेले प्रत्यक्ष काम) असलेला अभ्यासक्रम निवडावा. समुपदेशन वाचून समजते, पण अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष केल्याशिवाय येत नाही, आणि पुण्यात अशी देखरेख मिळण्याच्या जागा इतर बहुतेक शहरांपेक्षा अधिक आहेत.

पहिला टप्पा: स्वतःची चौकशी

प्रौढ वयात या कामाकडे वळणाऱ्या अनेकांच्या घराने व्यसन जवळून पाहिलेले असते. कोणाच्या वडिलांची दारू असते, कोणाच्या भावाचे गर्द (ब्राउन शुगर), तर कोणी स्वतःच व्यसनातून बाहेर पडलेले असतात. हा अनुभव मोलाचा आहे, मात्र ती पात्रता नव्हे. ज्या बाईने वीस वर्षे नवऱ्याची दारू सोसली, तिला समोर बसलेल्या पेशंटमध्ये स्वतःचा नवरा दिसू लागला, तर तिचे ऐकणे तिथेच थांबते. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी स्वतःला एक अवघड प्रश्न विचारावा: बायकोवर हात उचललेल्या, मुलांच्या शिक्षणाचे पैसे उडवलेल्या माणसाचे बोलणे मी तासभर, मध्ये न बोलता, ऐकू शकेन का? उत्तर आज ‘नाही’ असले, तरी वाट बंद होत नाही. आधी स्वतःसाठी काही महिने समुपदेशन घ्यावे, एवढाच त्याचा अर्थ. घरात अजूनही कोणी पीत असेल, तर व्यसनी व्यक्तींच्या कुटुंबीयांसाठी असलेल्या अल-अनॉन गटाच्या सभांना जाणे उपयोगी पडते.

स्वतः व्यसनमुक्त झालेल्यांनी घाई करू नये. त्यांना ‘पिअर एज्युकेटर’ (स्वानुभवातून इतर पेशंटना मार्गदर्शन करणारा) किंवा स्वयंसेवक म्हणून लवकर काम मिळू शकते, आणि महाराष्ट्रातील व्यसनमुक्तीचे बरेच काम अशा मंडळींच्याच खांद्यावर उभे आहे. तरीही सलग दोन वर्षे व्यसनापासून पूर्ण दूर राहण्याआधी दुसऱ्याच्या समुपदेशनाची जबाबदारी घेऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. पेशंटच्या तोंडून रोज दारूची वर्णने ऐकणे हीच अनेकांना स्लिपकडे, म्हणजे पुन्हा पिण्याकडे, नेणारी गोष्ट ठरते.

आणखी एक पथ्य सुरुवातीलाच पाळावे. आपल्या नात्यातल्या, सोसायटीतल्या किंवा कार्यालयातल्या माणसाचे समुपदेशन आपण करायचे नसते. शिकायला लागल्याची बातमी पसरली, की ‘आमच्या धाकट्याशी जरा बोल ना’ असे निरोप येऊ लागतात. अशा वेळी केंद्राचा पत्ता आणि राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा १४४४६ हा निःशुल्क क्रमांक द्यावा आणि आपण बाजूला राहावे.

दुसरा टप्पा: काम पाहणे

यासाठी तीन-चार महिने द्यावेत आणि त्यासाठी नोकरी सोडू नये. सर्वांत सोपी सुरुवात म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची खुली सभा. ही संघटना १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन या गावी, स्वतः मद्यपी असलेल्या दोन माणसांच्या भेटीतून सुरू झाली. पुण्यात तिच्या मराठी सभा भरतात. बंद सभा फक्त मद्यपाश सोडवू इच्छिणाऱ्यांसाठी असते. खुल्या सभेला विद्यार्थी, नातेवाईक, कोणीही बसू शकते. वही उघडायची नाही, मोबाइल बाहेर काढायचा नाही, आणि तिथे दिसलेला माणूस उद्या लक्ष्मी रोडवर भेटला तर त्याने ओळख दाखवल्याशिवाय आपण दाखवायची नाही. ही तीन बंधने ज्याला सहज पाळता येतात, त्याने गोपनीयतेचा पहिला धडा पुस्तक न उघडताच शिकला असे समजावे.

दुसरी जागा अर्थातच येरवड्याचे मुक्तांगण. डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने ऑगस्ट १९८६ मध्ये सुरू केलेले हे केंद्र आज उपचारांबरोबर प्रशिक्षणाचेही केंद्र आहे, आणि सरकारी योजनेखाली इतर केंद्रांच्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देण्याची जबाबदारी त्याच्याकडे आहे. पेशंटांच्या पत्नींसाठीचा ‘सहचरी’ गट, फॉलोअपच्या सभा, बरे झालेल्यांनी नव्यांना आधार देण्याची पद्धत यांतून एक गोष्ट ठळकपणे कळते: दारू सुटणे हा उपचाराचा लहान भाग आहे, दारूशिवायचे घर पुन्हा उभे करणे हा मोठा. कोणत्याही केंद्राला भेट देण्यापूर्वी रीतसर पत्र द्यावे, अभ्यासाचा हेतू लिहावा आणि वॉर्डात हिंडू देण्याचा आग्रह धरू नये. पेशंट ही बघण्याची वस्तू नाही.

मुक्तांगणसारखे सुव्यवस्थित केंद्र पाहून मत बनवणे मात्र अपुरे ठरते. ससून किंवा एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षाबाहेर, परवानगी घेऊन, एखादी सकाळ बसावे. तिथे पेशंटला मिळणारा वेळ मिनिटांत मोजावा लागतो, सोबत आलेली आई केसपेपर हातात घेऊन ताटकळत असते आणि समुपदेशकाला त्या गर्दीतच कोपरा शोधून बोलावे लागते. यानंतरही हेच काम करावेसे वाटले, तर पुढचा टप्पा गाठावा.

तिसरा टप्पा: पद ठरवून अभ्यासक्रम निवडणे

इथे सर्वाधिक गोंधळ होतो, त्यामुळे थोडे सविस्तर. ‘समुपदेशक’ हा शब्द आपल्याकडे कोणीही पाटीवर लिहितो. परंतु काही पदनामे कायद्याने बांधलेली आहेत. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घेण्यासाठी १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले प्रशिक्षण आणि तिच्याकडील नोंदणी लागते. ‘सायकियाट्रिक सोशल वर्कर’ साठी २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी आणि त्यावर मानसोपचार समाजकार्यातील दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. अशी पात्रता लिहिलेली आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी या दोन शिखरांकडे निघणे अशक्य नाही, पण त्यासाठी चार-पाच वर्षे पूर्णवेळ शिकण्याची तयारी हवी. व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक म्हणून काम करणे हेच ध्येय असेल, तर त्यांची गरज नाही.

अशा विद्यार्थ्यासाठी सर्वांत व्यवहार्य पदवी म्हणजे एम.एस.डब्ल्यू., म्हणजेच समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी. ती सहसा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुली असते. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन वीस वर्षे हिशेब लिहिलेल्या माणसालाही ती करता येते. कोथरूडची कर्वे समाजसेवा संस्था १९६३ पासून हे शिक्षण देत आहे, आणि वैद्यकीय व मानसोपचार समाजकार्याकडे वळण्याची सोय तिथे आहे. या पदवीचे खरे बळ तिच्या क्षेत्रकार्यात आहे. दोन वर्षे, साधारणपणे आठवड्यातले दोन दिवस, विद्यार्थ्याला एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम करावे लागते आणि त्याच्या लेखी नोंदी मार्गदर्शकाकडून तपासून घ्याव्या लागतात. प्रवेशाच्या वेळीच विचारावे, की व्यसनमुक्ती केंद्रात क्षेत्रकार्य मिळेल का, त्या केंद्रात देखरेख कोण करते आणि आठवड्यातून किती वेळ देते. या प्रश्नांना गोलमोल उत्तरे मिळाली, तर इमारत कितीही देखणी असो, दुसरीकडे पाहावे.

दुसरी वाट मानसशास्त्रातील एम.ए. ची. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा विभाग आणि शहरातील काही महाविद्यालये हा अभ्यासक्रम चालवतात. व्यक्तिमत्त्व, मनोविकृती, मापनचाचण्या यांचा पाया या वाटेने अधिक पक्का होतो. मात्र पदवीला मानसशास्त्र नसलेल्यांना काही ठिकाणी प्रवेशाला अडचण येते, आणि क्षेत्रकार्याचे तास समाजकार्याच्या तुलनेत बहुधा कमी असतात.

इथे एक बदल नीट लक्षात घ्यावा. नोकरी करत घरबसल्या मानसशास्त्रात एम.ए. करावे, असा सल्ला अनेक वर्षे दिला जात असे, आणि आजही जुन्या माहितीवर विसंबून तो दिला जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले, की आरोग्यसेवा आणि तिच्याशी संलग्न व्यवसायांच्या २०२१ च्या कायद्याच्या कक्षेत येणारे अभ्यासक्रम जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवता येणार नाहीत. त्यात मानसशास्त्राचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे एखादी संस्था आजही ‘घरबसल्या मानसशास्त्राची पदवी’ देऊ करत असेल, तर पैसे भरण्यापूर्वी आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाचे आणि त्या विशिष्ट अभ्यासक्रमाचे नाव चालू सत्रासाठी आहे की नाही, हे स्वतः तपासावे. समाजकार्याच्या दूरस्थ अभ्यासक्रमाबाबतही हीच खबरदारी घ्यावी. दलालाने व्हॉट्सॲपवर पाठवलेले पत्र पुरावा म्हणून धरू नये.

आठवडाभराच्या किंवा महिनाभराच्या प्रमाणपत्रांचे स्थान वेगळे आहे. दिल्लीची राष्ट्रीय सामाजिक संरक्षण संस्था आणि विभागीय प्रशिक्षण केंद्रे यांची अल्पकालीन प्रशिक्षणे पदवीधारकाला या क्षेत्राची नेमकी भाषा शिकवतात, ओळखी होतात, नोकरीच्या अर्जात त्यांचे वजन पडते. पदवीशिवाय नुसती ही प्रमाणपत्रे मात्र फारशी पुढे नेत नाहीत. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत ‘प्रमाणित थेरपिस्ट’ बनवणाऱ्या जाहिराती पुण्यात भिंतीगणिक दिसतात. त्यांच्याविषयी याहून अधिक लिहिण्याची गरज नाही.

चौथा टप्पा: कागदपत्रे

वीस वर्षांनी प्रवेश घेताना बुद्धीपेक्षा कागदपत्रे अधिक दमवतात. पदवीच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, महाविद्यालय सोडल्याचा दाखला, पदवी अन्य विद्यापीठाची असल्यास मायग्रेशन सर्टिफिकेट आणि मधल्या वर्षांबद्दलचे गॅपचे प्रतिज्ञापत्र इतकी जमवाजमव सहसा लागते. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नोंद हाताशी ठेवावी, कारण गुणपत्रिकेवरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळले नाही की अर्ज अडकतो. जुन्या महाविद्यालयाकडून दुय्यम प्रती मिळवायला महिना-दोन महिने सहज जातात, म्हणून प्रवेशाच्या हंगामाची वाट न पाहता हे काम दिवाळीनंतरच हाती घ्यावे. उत्तरपत्रिका मराठीतून लिहिता येईल का, हेही लेखी विचारून घ्यावे. बरेच प्रौढ विद्यार्थी केवळ इंग्रजीच्या धास्तीने मागे फिरतात.

पाचवा टप्पा: अभ्यास कशाचा आणि कसा

अभ्यासक्रमात पुष्कळ विषय असतात. व्यसनमुक्तीचे काम करायचे असेल, तर त्यांतल्या काहींवर इतरांपेक्षा अधिक वेळ द्यावा लागतो.

पहिले म्हणजे पदार्थांचे शरीरशास्त्र. समुपदेशक औषधे देत नाही, पण धोका ओळखता आला नाही तर त्याच्या चांगल्या हेतूने माणूस दगावू शकतो. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम थांबवली, तर काही तासांतच हातांना कंप सुटतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण ४८ ते ९६ तासांदरम्यान डिलिरियम ट्रेमेन्स ही भ्रमाची जीवघेणी अवस्था उद्भवू शकते. अशा माणसाला ‘आजपासून देवाची शपथ घ्या आणि थेंबाला शिवू नका’ असे सांगणे अज्ञानाचे आणि धोक्याचे आहे. त्याला आधी डॉक्टरकडे पाठवायचे असते. गर्द बंद केल्यावर होणाऱ्या ‘टर्की’चा त्रास भयंकर असतो, पण तिथला मोठा धोका पुढे असतो: काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते, आणि पेशंटने पूर्वीइतकाच डोस घेतला तर तो मृत्यूला कारण ठरू शकतो. जेवणातून, न सांगता द्यायच्या ‘दारू सोडवणाऱ्या’ औषधाबद्दल घरचे लोक नेहमी विचारतात. डायसल्फिरामसारखे औषध पेशंटला न कळवता दिले आणि तो वर दारू प्याला, तर प्रतिक्रिया गंभीर होऊ शकते, हे त्यांना समजावून सांगणे समुपदेशकाचेच काम आहे.

दुसरे म्हणजे मोजमाप. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असल्यासारखी वापरता आली पाहिजे. तिचे गुण ० ते ४० असतात; ८ किंवा अधिक गुण धोक्याचे पिणे दाखवतात आणि २० किंवा अधिक गुण असल्यास अवलंबित्वाची दाट शक्यता धरून पूर्ण तपासणी करतात. मात्र नुसते प्रश्न वाचून दाखवण्यात फसगत आहे. पेशंट सांगतो, ‘रोज एकच.’ विद्यार्थी ‘एक किंवा दोन’ या रकान्यात खूण करतो आणि शून्य गुण देतो. वास्तविक त्याचे ‘एकच’ म्हणजे एक क्वार्टर. १८० मिलिलिटरच्या त्या बाटलीत ४२.८ टक्के मद्यार्क असेल, तर त्यात सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येते, म्हणजे प्रत्येकी १० ग्रॅमचे सहा प्रमाण-पेग. आता तोच माणूस ‘पाच किंवा सहा’ च्या रकान्यात जातो आणि त्याला दोन गुण मिळतात. शिवाय एका बैठकीत सहा किंवा अधिक घेण्याबद्दलच्या तिसऱ्या प्रश्नाचेही उत्तर पालटते. त्यामुळे क्वार्टर, नाइन्टी, निप, बिअरची मोठी बाटली, हातभट्टीचा ग्लास यांचे हिशेब आधी स्वतः कागदावर मांडून पाहावेत. तंबाखूच्या बाबतीत मिश्रीचा प्रश्न वेगळा विचारावा लागतो, कारण मिश्री लावणारी बाई स्वतःला तंबाखू खाणारी समजतच नाही.

तिसरे, आणि सर्वांत अवघड, म्हणजे बोलण्याची पद्धत. विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांनी विकसित केलेली प्रेरणादायी मुलाखतीची पद्धत आज या कामाचा कणा मानली जाते. तिच्यासोबत रीलॅप्स (व्यसन पुन्हा सुरू होणे) टाळण्याची कौशल्ये आणि महाराष्ट्रात चांगली रुजलेली अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धतीही शिकावी. प्रौढ विद्यार्थ्याचा इथला कच्चा दुवा ठरलेला असतो: तो उपदेश करतो. घरात, कार्यालयात, सोसायटीच्या सभेत सल्ला देण्याची सवय जडलेली असते आणि वयामुळे कोणी थांबवतही नाही. पुढील संवाद पाहावा.

पेशंट म्हणतो, ‘मॅडम, मी काही बेवडा नाही. कामाचं टेन्शन असतं, म्हणून घेतो. घरचे उगाच बाऊ करतात.’ नवी विद्यार्थिनी उत्तर देते, ‘पण तुमचा लिव्हरचा रिपोर्ट पाहिलात का? मुलांचा तरी विचार करा.’ पेशंट खुर्चीत मागे टेकतो, हाताची घडी घालतो आणि पुढचा अर्धा तास ‘हो मॅडम, बरोबर आहे मॅडम’ म्हणत राहतो. वाद जिंकला गेला, पेशंट गमावला.

याच वाक्याला दुसरे उत्तर असे देता येते: ‘तुम्ही ताण उतरवायला घेता, आणि घरच्यांना ते फार वाटतं. तरी आज कामाचा खाडा करून इथे आलात. तुम्हाला स्वतःला कशाची काळजी वाटली?’ थोडे थांबून तो सांगतो, ‘मुलगी बोलत नाही माझ्याशी. दोन महिने झाले.’ समुपदेशक म्हणते, ‘तिचं न बोलणं तुम्हाला लागलंय.’ यात दारूविरुद्ध एक शब्दही नाही, पण बदलाचे कारण पेशंटच्या तोंडून आले आहे, आणि स्वतः सांगितलेले कारण माणूस सहसा खोडून काढत नाही. असे दोन ओळींचे उत्तर वेळेवर सुचावे, यासाठी सहाध्यायांबरोबर शेकडो वेळा भूमिका बदलून सराव करावा लागतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी, अर्धा-अर्धा तास पेशंट आणि समुपदेशक होऊन, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ऐकावे; आपण किती प्रश्न विचारले आणि किती वेळा मध्येच बोललो, हे मोजावे. खऱ्या पेशंटचे ध्वनिमुद्रण मात्र त्याच्या आणि संस्थेच्या लेखी संमतीशिवाय कधीही करू नये.

कायद्याचा अभ्यास थोडक्यात पण नेमका करावा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था आपल्या व्याख्येत घेतल्या आहेत, पेशंटला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये, अल्प प्रमाणातील पदार्थाबद्दल आरोप असलेल्या आणि स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला अटींसह खटल्यापासून संरक्षण आहे. बोलण्याच्या ओघात एखाद्या अल्पवयीन मुलावरील लैंगिक अत्याचार उघड झाला, तर पॉक्सो कायद्यानुसार तो कळवणे बंधनकारक आहे. तिथे गोपनीयतेची ढाल चालत नाही, आणि ही मर्यादा पेशंटला पहिल्याच भेटीत सांगून ठेवायची असते.

सहावा टप्पा: क्षेत्रकार्य आणि देखरेख

क्षेत्रकार्यात आपला पर्यवेक्षक आपल्या मुलीच्या वयाची असू शकते. तिला ‘मॅडम’ म्हणून तिच्याकडून आपल्या नोंदींवर लाल शेरे घेता येत नसतील, तर अनुभवाचा उपयोग शून्य. पेशंट मात्र वयामुळे आपल्याला पटकन ‘काका’ किंवा ‘मावशी’ म्हणू लागतात. ते नाते गोड वाटले तरी जपून हाताळावे. काका उसने पैसे देतात, मावशी घरून डबा आणते, समुपदेशक यांतले काही करत नाही. आपणही पेशंटला, तो वीस वर्षांचा असला तरी, ‘तुम्ही’ म्हणूनच सुरुवात करावी. घरी, पोलीस चौकीत आणि गुत्त्यावर त्याने पुरेसे ‘अरे-तुरे’ ऐकलेले असते.

प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी नोंद लिहावी. चांगल्या नोंदीत पेशंट काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, आपण काय म्हणालो ते प्रामाणिकपणे, आणि त्या क्षणी आपल्या मनात काय आले ते वेगळ्या रकान्यात असते. ‘पेशंटला समुपदेशन केले, त्याने सहकार्य केले’ अशी ओळ पर्यवेक्षकाच्या काहीच उपयोगाची नाही. ‘पत्नीचे नाव काढताच त्याने विषय बदलून पगाराकडे नेला, मला राग आला आणि मी तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला’ या ओळीवर मात्र तासभर शिकता येते. नोंदीत खरे नाव, पत्ता, कंपनीचे नाव लिहू नये आणि वही पीएमपीच्या बसमध्ये उघडू नये.

रीलॅप्सची तयारी मनात आधीच हवी. आपण मन लावून काम केलेला पेशंट डिस्चार्जनंतर पंधरवड्यात पुन्हा पिऊन दारात उभा राहतो, तेव्हा विद्यार्थी खचतात किंवा चिडतात. काही प्रौढ विद्यार्थी याच ठिकाणी शिक्षण सोडतात, परीक्षेच्या भीतीने नव्हे. रीलॅप्स हा या आजाराच्या ओघातला भाग असतो, आणि पुन्हा पिऊन का होईना पण परत आलेला पेशंट हा पुन्हा पिऊ लागूनही परत न आलेल्या पेशंटपेक्षा सहसा बऱ्या स्थितीत असतो. अशा दिवशी पर्यवेक्षकाची वेळ मागून घ्यावी. घरी जाऊन जोडीदाराला पेशंटची कहाणी सांगणे हा गोपनीयतेचा भंग आहे, मन मोकळे करण्याचा मार्ग नव्हे.

वेळ आणि पैसा

याबद्दल स्पष्ट बोललेले बरे. नियमित एम.एस.डब्ल्यू. पूर्णवेळ नोकरीसोबत होत नाही. अर्धवेळ काम, रात्रपाळी, बिनपगारी रजा किंवा घरातल्या दुसऱ्या मिळकतीचा आधार यांपैकी काहीतरी लागते. सरकारी अनुदानावरच्या केंद्रांत समुपदेशकाचे मानधन कमी असते आणि अनुदान उशिरा आले की तेही लांबते. कंपनीतला पगार सोडून येणाऱ्याने दोन वर्षांचा घरखर्च बाजूला काढल्याशिवाय राजीनामा देऊ नये. ज्यांना हे शक्य नाही, त्यांनी नोकरी सांभाळून आठवड्याच्या सुट्टीला स्वयंसेवक म्हणून काम करावे आणि पदवीचा विचार निवृत्तीच्या आसपास करावा. पदव्युत्तर प्रवेशाला बहुतेक ठिकाणी कमाल वयाची अट नसते.

शेवटचा टप्पा: पहिली नोकरी

नोकरी स्वीकारण्यापूर्वी ते केंद्र राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदलेले आहे का, हे पाहावे. मुलाखतीत आपणही प्रश्न विचारावेत. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात? एका समुपदेशकाकडे किती पेशंट असतात? नवीन पेशंटला विथड्रॉवलमध्ये (व्यसन थांबवल्यावर होणाऱ्या त्रासात) कोण पाहते? पेशंट स्वतःहून दाखल होतात की गाडी पाठवून उचलून आणले जातात? या शेवटच्या प्रश्नावर उत्तर देणाऱ्याचा चेहरा बदलला, किंवा ‘घरच्यांनी सही दिली की झाले’ असे उत्तर आले, तर पगार कितीही असो, तिथे जाऊ नये. मारहाण होणाऱ्या, खोलीत कोंडणाऱ्या केंद्रांत समुपदेशकाची खुर्ची केवळ कागदावर नाव दाखवण्यापुरती असते, आणि पुढे चौकशी लागली की तेच नाव आधी पुढे येते.

अर्जासोबत क्षेत्रकार्याचे एकूण तास, देखरेख करणाऱ्याचे शिफारसपत्र आणि ओळख पुसलेल्या दोन उत्तम केस-नोंदी जोडाव्यात. पूर्वीच्या नोकरीचा अनुभव लपवू नये: लेखापाल होता तर कर्जात बुडालेल्या पेशंटचा हप्त्यांचा हिशेब तुम्ही त्याच्यासोबत मांडू शकता, शिक्षक होता तर पालकसभा चालवू शकता, कारखान्यात पर्यवेक्षक होता तर चाकण-भोसरीच्या कंपन्यांतील कल्याण अधिकाऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलू शकता. नियुक्तीपत्रात आठवड्यातून किमान एक तास देखरेखीचा उल्लेख करून घ्यावा. केंद्राकडे तशी सोय नसेल, तर शहरातील एखाद्या अनुभवी समुपदेशकाकडे स्वखर्चाने महिन्यातून दोनदा जावे आणि तो खर्च पहिल्या पगारापासूनच हिशेबात धरावा.